शीट क्रमांक एकोणचाळीस

परदेशीपुऱ्यात, इलेक्ट्रॉनिक कॉम्प्लेक्सच्या तिसऱ्या मजल्यावर
रात्री दहा ते सहा
मी ज्वालामुखी काढते.

काढते म्हणजे गिरवते.
विमानातून घेतलेला फोटो, आणि मी माऊस धरून
त्याच्या कडेकडेनं चालते.
एक वळसा पुरा झाला की पन्नास मीटर वर, पुढचा वळसा,
चकलीसारखं,
फक्त चकलीचं टोक सुटतं, हिचं सुटू द्यायचं नाही.

आठल्ये सरांनी पहिल्या दिवशी दोनच गोष्टी सांगितल्या.
दगडावरची रेषा तपकिरी, बर्फावरची निळी.
आणि रेषा एकमेकींना कापत नाहीत.
"घरात कापतील, नकाशात नाही,"
आणि स्वतःच हसले.

एकोणचाळीसमध्ये रस्ता नाही.
विहीर नाही, वस्ती नाही, देऊळ तर नाहीच.
अर्धी चिन्हं वापराविना पडून आहेत.
एक विवर आहे, ओठ फुटलेल्या मडक्यासारखं,
त्या फुटीतून बर्फ बाहेर सांडतो
आणि सात किलोमीटर खाली येऊन थांबतो,
राखेनं मळलेला, अंगभर भेगा.
भेगा मोजायच्या नसतात. त्याचे पैसे नाहीत.
बर्फाच्या मधोमध एकच काळा सुळका
भातात राहिलेल्या लवंगेसारखा.
उंची: अठराशे बेचाळीस.
नाव: रिकामं.

दुसऱ्या स्क्रीनवर जुनं शीट असतं, एकोणसत्तर सालचं.
त्यातली हिमनदी जिथे संपते
तिथे माझ्या फोटोत नुसता खडीचा ढीग आणि एक तळं.
मी निळी रेषा तोडते, तपकिरी जोडते.
क्लिक. क्लिक.
शेजारचा हफीज डबा उघडता उघडता विचारतो,
"आज कितना पिघलाया, दीदी?"
अकरा हेक्टर, मी सांगते.

बाबा बोअरिंगच्या गाडीवर होते.
राऊ, सांवेर, देपालपूर, महूच्या पुढची खेडी.
काळा पत्थर लागला की रात्र गेली म्हणायचे.
काळा, मग काळा,
मग मध्येच विटेच्या भुकटीसारखं लाल वर यायचं,
आणि खाली पुन्हा काळा.
ते लाल पुडीत बांधून खिशातून आणत.
आईला शर्ट धुवायचा राग.
मी कधी विचारलं नाही हे काय म्हणून.

आठल्ये सर पूर्वी शाळेत भूगोल शिकवत.
टपरीवर एकदा म्हणाले,
"एक लाव्हा आला, निवला. मग पुष्कळ काळ काहीच नाही.
ऊन, पाऊस. दगडाची माती झाली.
मग दुसरा आला, त्यानं ती भाजून काढली.
लाल म्हणजे दोन आगींमधली सुट्टी."
कुणाची?
त्यांनी ग्लास ठेवला.
"कुणाचीच नाही. कुणी नव्हतंच."

काल पावणेचारला, हफीज डुलक्या घेत असताना,
मी नावाच्या रकान्यात लिहिलं: त्रिंबक.
सेव्ह.
अकरा मिनिटं बाबा तिथे होते,
चहूकडे निळ्या रेषा, खाली विस्तव,
हाक मारली तर ओ द्यायला कुणी नाही.
कुणीतरी बूट चढवून, नकाशा उलगडून
त्यांचं नाव चुकीचं उच्चारेल कधीतरी,
असंही मनात आलं, बरं वाटलं.
मग आठवलं, त्यांना थंडी सोसत नसे.
डिसेंबरात गाडीवर कानटोपी, वरून मफलर, तरी नाक गळायचं.
खोडून टाकलं.
रकाना पुन्हा रिकामा, शीट पास.

सहाला खाली उतरले.
रस्ते झाडून झालेले, कचऱ्याची गाडी वळत होती.
बाजूच्या प्लॉटवर बोअर चालू,
पायाखालची फरशी थरथरत होती,
पाइपाच्या तोंडाशी करड्या पिठाचा ढीग.
"कितना हुआ?"
"नब्बे फुट."
मी पर्स छातीशी धरून उभी राहिले.
माझी बस आली, गेली.
अजून काळाच.